मॉरीनच्या नावाचं पाणी

जर्मनीत, बॉनमध्ये साधनाच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ब्रेंडाबाई इंग्लंडहून लग्न करून इकडे आल्या, त्याला पन्नासेक वर्षं झाली. नवरा गेला, मूलबाळ नाही. आता ऐंशीच्या घरात त्यांना एकच ध्यास लागला होता. आईने तान्हेपणी दत्तक देऊन टाकलेली धाकटी बहीण, मॉरीन. डोळे मिटायच्या आत तिला एकदा भेटायचं होतं.

साधना सॉफ्टवेअरवाली, पण लोकांच्या घराण्यांची मुळं खणून काढायचा तिला भारी नाद. तिने ब्रेंडाबाईंची लाळ डीएनए तपासणीला पाठवली, चार पिढ्या वरपर्यंत शोधून काढल्या. मॉरीनचा मात्र जन्मानंतर मागमूस नाही. दत्तक गेलेल्या पोरीचं नाव बदलतात, हे एवढ्या हुशार बाईच्या डोक्यात येऊ नये? बिचारी लहानपणीच गेली असणार, असं तिने ठरवून टाकलं. ब्रेंडाबाईंना सांगायचा धीर मात्र होईना.

सर्वपित्रीला तिचे सासरे शरदचंद्र बाल्कनीत तर्पणाला बसले. दर्भ, काळे तीळ सगळं पुण्याहून आणलेलं. बघताना साधनाला भरून आलं.

"बाबा, मॉरीन नावाच्या एका बाईंनाही पाणी सोडाल? त्यांचं कुणीच नाही हो."

"गेल्यात ना नक्की? जिवंत माणसाच्या नावाने पाणी सोडू नये."

"गेनाऊ, बाबा. नक्की."

गोत्र माहीत नाही, म्हणून बाबांनी काश्यप म्हटलं आणि तीनदा नाव घेऊन तीनदा पाणी सोडलं.

आठवड्याने डीएनए जुळल्याचा मेसेज आला. यॉर्कशायरची जोन, सख्खी बहीण, हयात. बाबांना तिने चकार शब्द सांगितला नाही.

ब्रेंडाबाई मात्र हरखून गेल्या. लिपस्टिक लावून व्हिडिओ कॉलला बसल्या. पडद्यावर उशांना टेकलेली एक वाळकी बाई दिसली. ती बहिणीकडे बघेचना, साधनाकडेच बघत राहिली.

"तुमच्या म्हाताऱ्यांना सांगा," ती पुटपुटली. "रोज सकाळी येतात. मॉरीन, मॉरीन, मॉरीन म्हणतात. मी जोन आहे म्हटलं, तरी ऐकत नाहीत. हातावरून पाणी पाजतात, त्यात काळे दाणे असतात. आता दुसरं काही घशाखाली उतरत नाही."

ब्रेंडाबाईंना ऐकू कमी यायचं. त्यांनी साधनाचा हात घट्ट धरला.

"काय गं, काय म्हणते माझी बहीण?"

साधनाने कॉलचा आवाज बंद केला.

"म्हणतायत, लवकर या."