एक भोवरा कमी

मी एक जुना केसांचा टोप आहे. मित्रांनो, हसलात तरी चालेल, पण आधी माझं ऐकून घ्या. घंटेला वाटतं आपला नाद गावभर जावा, दिव्याला वाटतं आपला उजेड लांबून दिसावा. आमच्या कुळाचं उलटं असतं. आम्ही कुणाला दिसलो नाही, तरच आमचा जन्म सार्थकी लागतो. मी उमेदीचा सगळा काळ एका ताईच्या डोक्यावर काढला आणि कुणालाही दिसलो नाही. ओळखलं फक्त एका माणसाने, आणि त्याला तर डोळ्यांनी दिसतच नव्हतं.

टोप होण्याआधी मी एका अनोळखी मुलीची वेणी होतो. तिने ती का कापून दिली, ते मला ठाऊक नाही. कात्री लावण्याआधी तिने टोकाची रिबीन तेवढी सोडून घेतली, हे आठवतं. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. तिच्या डोक्यावर पुन्हा दाट रान माजलं असेल, असं मी मनोमन म्हणत असतो.

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर तिचं तोंड दुसऱ्याच्या तोंडासमोर. गिऱ्हाइकाच्या कानावर काडी बसवायची, नाकावरचा भार बघायचा, आणि तेही डोक्यावर लख्ख दिवा असताना. अशा बाईच्या डोक्याला चाई पडली. आधी नाण्याएवढी, मग तळहाताएवढी. माथ्यावरचे केस गेले, बाजूचे आणि मागचे तेवढे राहिले. डॉक्टर म्हणाले, हे कुणालाही होतं, यात कुणाचा दोष नाही. पण ते झालं नेमकं तेव्हा, जेव्हा तिच्या बाबांचे डोळे जात होते आणि ती त्यांना घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती.

बाबा सुतार होते. डोळ्यांची नस सुकत गेली आणि शेवटी त्यांना फक्त उजेड आणि सावली कळायची. जगभराला चष्मे देणाऱ्या मुलीकडे बापासाठी मात्र भिंग नव्हतं. घरात ती दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईने ठरवलं, केसांचं बाबांना कळू द्यायचं नाही. कळलं तर ते दोन आणि दोन चार करतील, आणि ते चार स्वतःच्याच माथी मारून घेतील.

म्हणून ती केस बसवणाऱ्या बाईंकडे आली. बाईंची खोली लहान, पण खिडकी मोठी होती. त्या म्हणायच्या, केसांचा रंग दिव्याखाली जुळवला तर उन्हात फसवतो. त्यांनी ताईपुढे माझी भावंडं मांडली. एकाचा तळ कांद्याच्या पापुद्र्यासारखा, कातडीवर ठेवला की कातडीच होऊन जाणारा. पण तो लवकर फाटतो आणि त्याच्याखाली घाम कोंडतो. दुसऱ्याचा तळ बारीक जाळीचा, वारा खेळू देणारा. ताईने जाळी निवडली. मग म्हणाली, केस मात्र भरपूर दाट करा. बाईंनी मान हलवली. दाटपणाच चुगली करतो म्हणाल्या. कपाळाकडे विरळ, एकेक केस सुटा, आणि मधे चार पांढरे. ताई म्हणाली, पांढरे तर देव फुकट देतो, ते विकत कोण घेतं? दोघी खूप हसल्या. पांढरे राहिले.

मग बाईंनी तिच्या डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळून साचा घेतला. भांग कुठे ते पेनाने आखलं. भोवरा कुठे, असं विचारलं. ताईने उजवीकडे बोट ठेवलं. बाईंनी तिथे खूण केली. एक भोवरा, एक खूण. मित्रांनो, ही खूण ध्यानात ठेवा.

कारखान्यात एका कारागीर बाईने मला घडवलं. हातात आकड्यासारखी वाकडी सुई. जाळीच्या एकेका छिद्रातून केस ओढायचा, गाठ मारायची, पुढच्या छिद्राकडे जायचं. तिचे डोळे थकले की ती खिडकीबाहेर बघायची आणि पुन्हा वाकायची. तिने ताईला कधी पाहिलं नाही. तरी ताईच्या कपाळाचा वळसा तिच्या बोटांना पाठ झाला होता. तिला माझा नमस्कार.

माझ्या नोकरीचे पहिले दिवस झकास गेले. दुकानात एक चिकित्सक आजी यायच्या. नवा चष्मा लावला की तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायच्या, मग काउंटरवरची धूळ दाखवायच्या. एकदा त्यांनी ताईचा चेहरा जवळून न्याहाळला. तिच्या भुवईतला तीळ सापडला. मी श्वास रोखला. आजींनी विचारलं, "केस छान आहेत गं तुझे. तेल कुठलं लावतेस?" ताई म्हणाली, "तेल लावतच नाही, आजी." अगदी खरं बोलली. तेल लागलं की माझी पकड सुटते.

पण घरी मी ताईला सुख दिलं नाही. बाबांची जुनी सवय होती. ताई कामाला निघाली की तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. मी आल्यापासून ताई तो हात चुकवू लागली. बाबांनी हात उचलला की ती त्यात पटकन चहाचा कप द्यायची. उचललेला हात कपावर मिटायचा. हळूहळू त्यांनी हात उचलणं सोडलं.

मग एक दिवस आत्याचा फोन आला. तिने ताईला फैलावर घेतलं. काय बोललीस माझ्या भावाला? तो म्हणतोय, पोरीला माझी अडचण होते, आता तुझ्याकडेच येऊन राहतो कायमचा. ताईने फोन ठेवला. बाबांना विचारलं, तर म्हणाले, हवापालट. आणि चाचपडत शर्टांच्या घड्या घालू लागले.

जायच्या दिवशी आत्याचा मुलगा गाडी घेऊन यायचा होता. बॅग दाराशी ठेवलेली. ताई बाबांना काहीबाही सांगू बघत होती. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "भिंगरे, जायच्या आधी एकदा वेणी घालू दे."

भिंगरी हे तिचं लहानपणचं नाव. आई सकाळच्या पाळीला जायची, म्हणून वेण्या बाबा घालायचे, आणि ही पोर भिंगरीसारखी फिरायची. तिला एका जागी बसवायला त्यांनी एक गाणं जुळवलं होतं.

आता नाही म्हणायचं कसं? ताई पाटावर बसली. तिचा माझ्यावर भरवसा होता. उजेडाला फसवणारा, आजींच्या चष्म्याला पुरून उरणारा मी. पण सुताराची बोटं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं.

बाबांनी आधी उजवीकडे हात नेला. तिथला भोवरा सापडला, बोट सवयीने त्याच्याभोवती फिरलं. मग ते बोट किंचित मागे, डावीकडे सरकलं आणि थांबलं. पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं.

"तुझा एक भोवरा कुठे गेला?"

"कुठला भोवरा, बाबा?"

"मागचा. दोन आहेत तुला." मग स्वतःशीच हसल्यासारखं म्हणाले, "पण तुला कसं माहीत असणार? आपला भोवरा आपल्याला थोडाच दिसतो. वेणी घालणाऱ्यालाच तो माहीत."

बाबांची बोटं माझ्या काठाकाठाने चालली, जिथे माझी जाळी संपते आणि ताई सुरू होते तिथून. घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावरून फिरावीत तशी, अगदी हलकी. मला वाटलं, आता मला ओढून फेकतील. पण बाबा म्हणाले, "सांधा झकास बसलाय. कुणी बसवला?"

आणि ताईचा बांध फुटला. चाई, डॉक्टर, खिडकीवाल्या बाई, सगळं बाहेर आलं. तुम्हाला वाटलं असतं तुमच्यामुळे गेले, म्हणून लपवलं, असं ती रडत रडत म्हणाली.

"आणि मला वाटत होतं," बाबा म्हणाले, "तुला माझा हात नकोसा झालाय."

ताईने मला स्वतःच्या हाताने काढलं. चिकट पट्टी ओली करून, काठाकडून, सावकाश. बाबांनी तिच्या उघड्या माथ्यावर पहिल्यांदा हात ठेवला. एक बोट उजवीकडे, एक बोट मागे डावीकडे. "हा एक, आणि हा दुसरा," म्हणाले. "जागेवर आहेत." मी ताईच्या मांडीवरून ते पाहत होतो. माझ्याखाली इतके दिवस काय झाकलं गेलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

मग मला पुन्हा बसवलं आणि बाबांनी वेणी घातली. तिचे केस आणि माझे केस एका पेडात घेऊन, जाळीला ताण येऊ न देता. गाणं म्हणत:

एक पेड इकडे, एक पेड तिकडे,
मधला म्हणतो, मी कुणाकडे?
इकडचा मधे आला, तिकडचा मधे आला,
रुसता रुसता गोफ झाला.

बाहेर हॉर्न वाजला. बाबांनी भाच्याला वर बोलावून चहा पाजला आणि रिकाम्या गाडीने परत पाठवलं. आत्याने फोनवर विचारलं, घड्या घातलेल्या शर्टांचं काय? बाबा म्हणाले, ते आता इथेच घालीन, इस्त्रीविना.

मित्रांनो, आता मी थकलोय. टोपालाही टक्कल पडतं. माझ्या गाठी सुटल्या, कपाळाकडची जाळी विरली. ताईने नवा टोप करायला दिला, तेव्हा बाबा सोबत गेले होते. साच्यावर दुसरी खूण त्यांनी स्वतः बोट ठेवून करवली. खिडकीवाल्या बाई म्हणाल्या, आता प्रत्येकाला विचारेन, तुमची वेणी लहानपणी कोण घालायचं?

मला कचऱ्यात टाकलं नाही. बाबांनी चाचपडत लाकडाचं एक डोकं कोरलं, हुबेहूब ताईच्या मापाचं. आता मी त्याच्यावर असतो, आणि नवा भाऊ रात्री माझ्या शेजारी विसावतो. ताई कामाला गेली की बाबा माझी वेणी घालतात, सोडतात, पुन्हा घालतात. बोटांची सवय जाऊ नये म्हणून, असं ते सांगतात.

माझी एवढीच विनवणी. कुणाच्या डोक्यावर माझ्यासारखा कुणी असल्याची शंका आली, तर नजर तिथे अडकवू नका, त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोला. आणि आपल्या माणसाने कधी तुमचा हात चुकवला, तर बॅग भरू नका. त्याला जवळ बसवा, वेणी घालायला घ्या. केस असोत की नसोत.

आत्ता सकाळ झाली आहे. ताई निघाली आहे. बाबांनी हात उचलला आहे, आणि चहाचा कप ओट्यावर गार होतो आहे.