गाठीचा शेजार

सारजाबाईंचं वजन इतकं घटलं, की डॉक्टरांनी केमो लांबणीवर टाकली. ही खबर कळताच त्यांची लेक ज्ञानेश्वरी पुण्यातल्या कॅन्सर-संशोधनाच्या प्रयोगशाळेतून सोनपेठजवळच्या आपल्या गावी धावली. आई बाजेवर पडून होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"माय, जेवलीस का?"

उत्तर भावानं, आदिनाथनं दिलं. "भाकर, भात, दूध समदं बंद केलंय. निस्ता काढा. गाठ साखरंवर जगती, असं तूच सांगितलंस न्हवं?"

त्यानं मोबाइल पुढं केला. पडद्यावर ज्ञानेश्वरीच बोलत होती : कॅन्सरच्या पेशी अधाशासारखी साखर खातात. तिच्या व्याख्यानातलं तेवढंच वाक्य कापून घेतलेलं, अन् खाली माणिकराव नावाच्या काढेवाल्याची जाहिरात. आज सोनपेठच्या बाजारात त्याचं शिबिर होतं.

ज्ञानेश्वरीच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या कामापायी तिनं डोळ्यांच्या खाचा केल्या, त्याच कामाचं नाव सांगून तिच्या आईला उपाशी ठेवलं होतं.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"तायडे, तमाशा करू नको. लय मोठा मानूस हाय त्यो."

"म्हनूनच काढ."

मंडप गच्च भरला होता. ती थेट माणिकरावासमोर जाऊन उभी राहिली. "त्या व्हिडिओतली बाई मीच हाय. यानं माझं आर्धंच बोलनं दाखवलंय. राह्यलेलं मी सांगते."

माणिकरावानं माइक मागं ओढला. तिला त्याची गरज नव्हती. ऊसतोडीच्या फडात लांबवर हाका मारून कमावलेला गळा होता तो.

"गाठ साखर खाती, खरं हाय. खाऊन भवताली आंबट पानी सोडती, सारा शेजार नासवती. आपल्या रक्तात राखनदार पेशी असतात. त्या तिथं गेल्या तर त्यांना खायला उरत न्हाई, अन् त्या आंबटपनात त्या गळाठतात. तिथं त्यांनी तग कसा धरावा, तेच मी शोधायले."

"मंग साखर तोडली की गाठ मरंलच की!" माणिकराव हसला.

"न्हाई मरत! मानूस उपाशी राह्यला तरी अंग आपलंच मांस मोडून साखर बनवतं. गाठ तीबी वढून घेती. उपाशी मरतो राखनदार. माझी माय तशीच मरायली, तुमच्यामुळं!"

"तुझ्या साहेबाला वळखतो मी, पोरी. नोकरी जाईल."

"लावा फोन. मी हितंच बसते."

ती मंडपात फतकल मारून बसली. माणिकरावानं फोन काही लावला नाही. "माझा मालकबी असाच वाळायलाय," म्हणत कस्तुराबाई नावाची बाई उठली आणि ताडताड निघून गेली. तिच्यामागं आणखी काहीजण उठले. बरेचसे मात्र बसूनच राहिले. कुणीतरी ज्ञानेश्वरीला शिवीही दिली. तेव्हा कडेला उभा असलेला आदिनाथ आत आला आणि बहिणीला खेटून बसला.

घरी सारजाबाईंनी सारं ऐकून घेतलं. "मंजी मी उगंच भुकी मरायले व्हते?" त्या बाजेवर उठून बसल्या. "आन दूध-भाकर."

"आधी थोडंच, माय. डॉक्टरला इचारून वाढवू."

हळूहळू अंग भरलं. केमो पुन्हा सुरू झाली, गाठ आक्रसली, आणि हिवाळ्यात ती कापून काढली. पुढचं अजून कुणी छातीठोक सांगत नाही.

माणिकराव गप्प बसला नाही. त्यानं मानवत गावी शिबिराचा नवा मंडप टाकला. ज्ञानेश्वरी रजा काढून तिथंही गेली. या खेपेला सारजाबाई सोबत होत्या. केस गेलेल्या डोक्यावर पदर न घेता त्या सगळ्यांत पुढं जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हं, बोल आता, माणिकराव."