‘झोपवत जा,’ म्हणाले होते

मी एक जुनी स्कूटर आहे. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतःबद्दल वापरलेला चालतो. इतर कुणी वापरला की माझे डोके फिरते. आणि मित्रांनो, डोळे पुसायला रुमाल काढून बसला असाल तर तो खिशात ठेवा. मी दुःखी नाही, चिडलेली आहे.

माझे मालक कुलपे दुरुस्त करायचे. सगळे त्यांना किल्लीवाले म्हणत. कुणाचे तरी दार वाऱ्याने बंद होई, किल्ली आत राही आणि गॅसवर दूध ठेवलेली बाई जिन्यात येरझाऱ्या घालू लागे. अशा वेळी खाली माझा आवाज आला की सगळा मजला कठड्यावरून डोकावत असे. दार उघडल्यावर कौतुक मालकांचे होई. ठीक आहे. पण त्यांना वेळेवर पोचवले कुणी? हत्यारांची ती वजनदार पेटी कुणी वाहिली? सुट्टीच्या दिवशी मागे मालकीण बसे, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी असे, आणि त्या सगळ्यांना घेऊन मी चढ चढत असे.

माझी एकच सवय होती. माझे इंजिन एका बाजूला आहे, त्यामुळे गार असताना मला त्या बाजूला जरा कलंडवावे लागते. क्षणभर कलंडवून पुन्हा सरळ केले की पेट्रोल जागेवर पोचते आणि पहिल्याच किकला मी बोलू लागते. आमच्या घरात याला ‘झोपवणे’ म्हणत. “बाईसाहेबांना झोपवलं का?” असे मालक रोज सकाळी स्वतःलाच विचारत आणि मग किक मारत. बाईसाहेब म्हणजे मी.

पुढे मालक आजारी पडले. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी मुलाला सांगितले, “बाईसाहेबांना नुसतं उभं ठेवू नकोस. झोपवत जा.”

मुलगा लहानपणापासून शिकायला बाहेर राहिलेला आणि नंतर मोटारीत फिरलेला. मला किक मारायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. मालक गेले, आणि या शहाण्याने वडिलांचा शब्द पाळला. जिन्याखालच्या खोलीत सतरंजी अंथरली, एका मित्राला हाताशी घेतले आणि मला आडवे केले. अगदी जमिनीला टेकवून! वर “बाबांनी सांगितलं होतं” असे मित्राला म्हणाला, डोळे पुसले, माझ्या अंगावर चादर घातली आणि दाराला कुलूप लावले.

‘झोपवत जा’ आणि ‘झोपवून टाक’ यात काही फरक आहे की नाही? मित्रांनो, व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसलात तर काय होते, ते माझ्याकडे बघून शिका.

मालकिणीला यातले काहीच ठाऊक नव्हते. मला पाहिले की तिला रडू येई, म्हणून तिने त्या खोलीची किल्ली मुलाकडेच दिली होती. इकडे माझे तेल गळून सतरंजीत मुरले. टाकी आतून गंजली. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला, आणि तो चांगला भरभराटीला आला. रंगाचे डबे, मोडका पंखा, फाटकी गादी, जे कुठे मावत नव्हते ते सगळे माझ्या अंगावर आले. वर्षे गेली, पण मला उभे करावे असे कुणाच्या मनात आले नाही.

मग घर रिकामे करायची वेळ आली. मालकीण मुलाकडे राहायला जाणार होती. तिने एकच मागणी केली, “बाईसाहेब माझ्याबरोबर येतील.” मुलगा म्हणाला, चालू झाली तर नेऊ. नाही झाली तर सामान हलवायच्या दिवशी भंगारवाल्याला देऊ. भंगार! हे कुणाला, तर मला!

मेकॅनिक आला तो नव्या गाड्यांवर शिकलेला, पण माणूस मन लावून काम करणारा. टाकीत नट टाकून त्याने ती खळखळा हलवली, तेव्हा कुठे गंज सुटला. कार्ब्युरेटर उघडून धुतला, केबली बदलल्या, उंदरांना बेघर केले. मुलाला मला लालभडक रंगवायचे होते. मालकिणीने वरूनच बजावले की राखाडी रंग आणि पुढच्या मडगार्डचा पोचा, दोन्हींना हात लावायचा नाही. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता.

सामान हलवायचा दिवस उजाडला. मेकॅनिकने किक मारली. पुन्हा मारली. मुलाने मारली. दोघे घामाघूम झाले आणि मी नुसती खोकत राहिले. भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा होता आणि तो माणूस मला कुठून उचलायचे याचा अंदाज घेत होता.

तेवढ्यात कठड्याला धरून मालकीण खाली आली. “अरे, आधी तिला झोपवा की,” ती म्हणाली.

“आई, इतकी वर्षं झोपवलेलीच होती,” मुलगा म्हणाला. “बाबांनी सांगितल्याप्रमाणे.”

मालकिणीला आधी कळेचना. कळले तेव्हा ती पायरीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता रडू लागली. मग उठली, मुलाचे हात माझ्या हँडलवर ठेवले, वरून आपले ठेवले आणि मला बाजूला कलंडवले. “असं,” ती म्हणाली. “आणि लगेच सरळ. एवढंच म्हणत होते रे ते.”

मुलाने किक मारली आणि मी बोलले. गल्लीभर धूर केला, भंगारवाल्याच्या तोंडावर तर जास्तच. मुलगा माझा कान, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पिळत उभा राहिला.

माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. प्रेम करता ना, मग त्यावर चादर घालून कुलूप कसले लावता? वस्तू असो की माणूस, रोज जरा हलवा, जरा बोलते ठेवा.

आता नव्या घराखाली रोज सकाळी मुलगा मोठ्याने विचारतो, “बाईसाहेबांना झोपवलं का?” आणि वरून मालकीण ओरडते, “झोपवलं असशील तर उठव आता!”