पुठ्ठ्याचं शेवटचं कार्ड

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. माझ्या झाकणावर एके काळी गुलाबाची दोन फुलं होती. आता एक पूर्ण गेलं आहे आणि दुसऱ्याचा फक्त देठ राहिला आहे. मित्रांनो, डब्याचं काय ऐकायचं, असं मनात आलं असेल तर येऊ द्या. शनिवार पेठेतल्या एका शाळेत कपाटावर बसून मी बत्तीस वर्षं माणसं पाहिली आहेत. कोण वर्गात येऊन घड्याळाकडे बघतं आणि कोण मुलांकडे, याची माझ्याकडे चोख नोंद आहे.

बिस्किटं मी फार दिवस सांभाळली नाहीत. ती नीरजाबाईंच्या घरी दोन दिवसांत संपली. मग बाईंनी मला धुतलं, पुसलं आणि त्या शिकवत त्या पाचवीच्या वर्गात आणून ठेवलं. पानशेतचा पूर ओसरून सहा वर्षं झाली होती, पण जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून स्पष्ट दिसत होती.

वर्गात त्रेचाळीस मुलं होती. बाई फळ्यावर पाच गणितं लिहीत. तिसरं लिहून होईपर्यंत खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीची पहिली दोन सोडवून झालेली असत. ती रझिया. शाळेच्या मागच्या बोळात पुस्तकबांधणी करणाऱ्या शमशुद्दीन यांची मुलगी. गणितं संपली की ती खिडकीचे गज मोजायची. गज आठच होते. ते रोज किती वेळा मोजणार?

आधीच्या वर्षांच्या शिक्षकांनी यावर एक सोपा उपाय काढला होता. हुशार आहे ना, मग तिला मॉनिटर करा! इतरांच्या पाट्या तपासायच्या, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, गुरुजी चहाला गेले की पाढे म्हणून घ्यायचे. सगळे तिचं कौतुक करत. फुकटची मदतनीस मिळाली की कौतुक करायला कोणाचं काय जातं?

नीरजाबाई पहिल्याच आठवड्यात शमशुद्दीनभाईंच्या दुकानात गेल्या. तिथे काय झालं ते बाईंनी दुसऱ्या दिवशी शिपायाला सांगितलं, म्हणून मला कळलं.

"अहो बाई, माझं म्हणणं साधं आहे," शमशुद्दीनभाई म्हणाले होते. "पोरगी शिकत असेल तर कितीही शिकू दे. नुसती बसत असेल, तर बसायला घर आहे, आणि घरात कामही आहे. रोज रात्री जेवताना मी विचारतो, आज नवीन काय शिकलीस? तिनं सांगितलं पाहिजे."

बाईंनी वाद घातला नाही. दुकानात कातरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या पडल्या होत्या, त्या तेवढ्या मागून आणल्या. त्यांची पत्त्यांएवढी कार्डं कापली. प्रत्येकावर एक प्रश्न लिहिला आणि सगळी माझ्यात भरली. नियम एकच होता: फळ्यावरचं काम झालं की एक कार्ड घ्यायचं आणि उत्तर कसं काढलं ते मागच्या बाजूला लिहायचं. नुसतं उत्तर चालणार नाही.

पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, 'जिन्यातली पुराची रेघ किती उंच आहे? शिडी मिळणार नाही.'

रझियानं पायऱ्यांकडे पाहिलं. रेघ तेराव्या पायरीच्या बरोबरीनं जात होती. तिनं एका पायरीची उंची मोजली, सात इंच, आणि मागे लिहिलं, 'एक्क्याण्णव इंच. पण पायऱ्या सगळ्या सारख्या नाहीत, चौथी जरा बुटकी आहे.' बाई ते वाचून इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातून श्रीनिवास गुरुजी डोकावले.

"काय हो नीरजाबाई, पाचवीत विनोद कधीपासून आला?"

"चौथ्या पायरीपासून," बाई म्हणाल्या.

ते माझे सोन्याचे दिवस होते. भैरू नावाचा एक मुलगा आकडेमोडीत रडायचा; पण त्यानंही घोड्याच्या नालेचा आकार असा का असतो, या कार्डावर दोन्ही बाजू भरून लिहिलं. बाई दर सोमवारी नवी कार्डं घालत. रझिया सोडवलेलं प्रत्येक कार्ड बापाला दाखवायला घरी नेई. दुसऱ्या दिवशी ते परत येई तेव्हा त्याला डिंकाचा वास येत असे. दिवाळीपर्यंत एकसष्ट कार्डं गेली आणि एकसष्ट परत आली. माझी नोंद चुकत नाही.

दिवाळीनंतर बाईंच्या यजमानांची बदली नाशिकला झाली.

वर्ग श्रीनिवास गुरुजींकडे आला. मित्रांनो, गुरुजी वाईट नव्हते. असते तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती. ते मुलांना कधी मारत नसत. वर्गात उपाशी कोण आहे, हे त्यांना तोंडं पाहून कळे. पण माझ्याकडे बघून ते म्हणाले, "एकीला पुठ्ठे आणि बाकीच्यांना पाट्या? सगळी लेकरं सारखी." आणि आतली कार्डं काढून त्यांनी मला कपाटावर ठेवलं. रझिया पुन्हा मॉनिटर झाली.

वरून मला सगळं दिसत होतं. आधी ती पाट्या भराभर तपासायची. मग तिनं एक नवीन गोष्ट शिकून घेतली. स्वतःची गणितं झाली तरी ती पेन्सिल चालवत राहायची. उत्तराखाली दुसरी रेघ, रेघेखाली तिसरी. लवकर संपलं की आणखी पाट्या येतात, हे तिला कळलं होतं. हुशार मुलीनं त्या वर्गात शेवटची शिकलेली गोष्ट म्हणजे सावकाश दिसणं.

मार्चमध्ये शमशुद्दीनभाई शाळेत आले. रझिया फळा पुसत होती.

"गुरुजी, चार महिने झाले. मी रोज विचारतो, ही रोज म्हणते, काही नाही. ही खोटं बोलत नाही. काय झालंय?"

गुरुजींचा चेहरा अभिमानानं फुलला. "अहो शमशुद्दीनभाई, तिला शिकवायचं राहिलंय काय? सगळं येतं तिला! माझा अर्धा वर्ग ही पोर सांभाळते."

"सगळं येतं?"

"सगळं!"

शमशुद्दीनभाईंनी थोडा विचार केला. ते समाधानानंच म्हणाले, "मग झालं तर. परीक्षा झाली की घरी येऊ दे."

गुरुजींच्या तोंडचं हसू तसंच राहिलं. त्यांना पुढे काहीतरी म्हणायचं होतं. पण आपलेच शब्द परत कसे घ्यायचे, ते त्यांना सुचलं नाही. रझिया पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिली.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी ती बाकावर चढली, माझं झाकण उघडलं आणि आत एक कार्ड टाकून गेली. जूनमध्ये ती आली नाही.

पुढे माझ्यात खडूचे तुकडे भरले गेले. वर्षं गेली. गुरुजी निवृत्त झाले. जाताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

मागच्या वर्षी शाळेच्या समारंभाला पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांनी वर्गात येऊन शिपायाला कपाटावरचा डबा काढायला सांगितला. खडू बाकावर ओतले. तळाशी कार्ड होतं.

'१ + ३ = ४. त्यात ५ मिळवले की ९. त्यात ७ मिळवले की १६. दर वेळी वर्गसंख्याच येते. पाटी भरेपर्यंत करून पाहिलं. असं का होतं? आता कुणाला विचारू?'

नीरजाबाई त्या लहान बाकावर बसल्या. त्यांनी खडूचा एक तुकडा ठेवला. त्याच्या दोन बाजूंनी तीन तुकडे लावले, चौकोन झाला. त्याच्या दोन बाजूंनी पाच लावले, मोठा चौकोन. मग सात.

"बघ रझिया," त्या हळूच म्हणाल्या, "चौकोनाला नवी कड लावत गेलं, की..."

बाक रिकामा होता. नीरजाबाई शाळेच्या मागच्या बोळात जाऊन आल्या आणि शिपायाशी बोलल्या, तेव्हा मला कळलं. बांधणीच्या दुकानाच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे, आणि तिथल्या कुणाला काही माहीत नाही. परत येऊन त्यांनी आपलाच नियम पाळला. उत्तर कसं काढलं, ते कार्डाच्या मागे लिहिलं आणि कार्ड माझ्यात ठेवलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. गंज डब्यांना चढतोच. पण तुमच्या वर्गात कोणी सगळ्यांच्या आधी संपवून खिडकीचे गज मोजत असेल, तर त्याचं कौतुक करून थांबू नका. त्याला कसला प्रश्न पडलाय, ते विचारा. आणि 'तुला सगळं येतं' असं कुणालाही म्हणू नका.

एकसष्ट कार्डं गेली, एकसष्ट परत आली. बासष्टावं माझ्याकडे आहे. त्याचं उत्तर लिहून झालं आहे. ते न्यायला अजून कोणी आलेलं नाही.