मुकादमाची सुट्टी

कुत्र्याचं नाव मुकादम का, हे गल्लीत कुणाला विचारावं लागत नसे. दुकानात कुणी मोडकी खुर्ची घेऊन आलं की तो आधी खुर्चीभोवती फिरायचा, मग माणसाभोवती, आणि मग दारात असा काही उभा राहायचा की माणूस आपणहून म्हणायचा, "बरं, येतो मग उद्या."

नाव सोफेवाल्याच्या बायकोनं ठेवलं होतं. सोफेवाला आयुष्यभर लोकांचे सोफे आणि खुर्च्या नव्यानं भरून, शिवून देत आला. पुढच्या खोलीत काम, मागच्या दोन खोल्यांत संसार. "तुमच्या डोक्यावर कुणीतरी पाहिजेच," बायको म्हणायची. "मी एकटी कुठं कुठं पुरणार?"

मुकादम चावायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. नऊ वर्षांत तो वायरमनला चावला, पोस्टमनला दोनदा चावला, आणि एकदा लेकीच्या सासूला. लेक महिनाभर तोंड लपवत होती. तिची आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन, पदर तोंडाला लावून हसून आली होती. बायकोसमोर हेच जनावर गरीब गाय व्हायचं. ती खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसली की हा तिच्या पायांवर अंग टाकायचा, आणि ती उठली की टुणकन तिच्या जागेवर चढायचा. संध्याकाळी सोफेवाल्यानं मशीनवर कापड झाकलं की ती म्हणायची, "चला मुकादम, सुट्टी झाली." मग तो मोठा उसासा सोडायचा, जणू दिवसभर सगळं काम त्यानंच उपसलंय.

ती गेली त्याला आठ महिने झाले होते.

ती गेल्यावर पंधराएक दिवसांनी सोफेवाल्यानं तिची खुर्ची कामाला घेतली. वर्षानुवर्षं ती म्हणत होती, "लोकांच्या खुर्च्या नव्या करता, माझी कधी?" आणि तो म्हणत होता, "उद्या." शेवटी त्या खुर्चीच्या मधोमध पडलेला खळगा त्याला बघवेना. त्यानं सगळं उचकटलं. नवा फोम घातला, दुकानातलं सगळ्यात भारी हिरवं कापड लावलं, कडेनं पितळी खिळे एका रेषेत ठोकले. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. मुकादम आला, खुर्ची हुंगली, पुन्हा हुंगली, आणि वळून सोफेवाल्याच्या मनगटाला कडकडून चावला.

घरच्या माणसाला तो पहिल्यांदाच चावला होता. बाई गेली आणि कुत्र्याचं डोकं फिरलं, असं सोफेवाल्यानं धरून घेतलं. तेव्हापासून मुकादम त्याला अंगाला हात लावू देत नसे. खायला घेई, बाहेर जाऊन येई, आणि दिवसभर मशीनसमोरच्या स्टुलाला पाठ लावून पडून राही. सोफेवाल्यानं पाय हलवला तरी गुरगुरे.

"पाळत ठेवतो माझ्यावर," तो लेकीला फोनवर सांगायचा. "तुझ्या आईनं नेमून दिलेला माणूस आहे, जागा सोडत नाही."

मग मुकादम लंगडायला लागला. मागच्या पायाच्या हाडात गाठ निघाली. ती बघायला दवाखान्यात नेलं, तेव्हा चार माणसांनी घोंगडी टाकून त्याला टेबलावर दाबलं. मुकादमानं भीतीनं टेबलावरच घाण केली. एक नख तुटून रक्त आलं. आणि एवढ्या गोंधळात तो सोफेवाल्याकडे बघत होता. रागानं नव्हे. ते बघणं सोफेवाल्याच्या डोळ्यांपुढून घरी आल्यावरही हललं नाही.

सोमवारी तो एकटाच दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या होत्या. औषधाचा उपयोग नाही, दुखणं वाढतच जाणार, दुखणं वाढलं की चावणंही वाढणार, हे त्यांनी सरळ सांगितलं. त्याला कायमचं झोपवणं हेच आता बरं.

"ते मला कळलंय," सोफेवाला म्हणाला. "पण त्या टेबलावर नको. एवढं करा."

"काका, त्याला मरणाची भीती नाही. मरण त्याला ठाऊकच नाही. त्याला भीती आमची. आमच्या हातांची, वासाची, धरून ठेवण्याची. ती काढता येते का बघू. रविवारी दवाखाना बंद असतो. मी घरी येते."

"घरी याल तर पायाचा लचका तोडील तुमच्या."

"म्हणून तर सहा दिवस देतेय तुम्हाला," त्या हसल्या. "शेवटची दहा मिनिटं माझी. बाकी सगळं काम तुमचं."

काम त्यांनी समजावून दिलं. त्याच्या तोंडाला मुसकं लागेल, पण ते त्यानं आपणहून घातलं पाहिजे, आणि आतून त्याला चाटता, धापा टाकता आलं पाहिजे. गुंगीच्या गोळ्या शनिवारी रात्री आणि रविवारी त्या यायच्या दोन तास आधी द्यायच्या. बुधवारी एकदा देऊन बघायच्या, म्हणजे किती चढतात ते कळेल.

"आणि त्याची सगळ्यात आवडती जागा कुठली? तिथंच करू."

"होती एक. आता तिकडं फिरकत नाही."

"मग आता कुठं असतो?"

"माझ्या स्टुलाला चिकटून. माझ्यावर राग आहे त्याचा."

"राग असता तर चिकटून कशाला बसला असता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढचं मांजर बघायला उठल्या.

विकतचं मुसकं घट्ट होतं. सोफेवाल्यानं ते बाजूला टाकलं. खोलीच्या दारातून सोफा बघून किती कापड लागेल ते सांगणारा माणूस तो, कुत्र्याचं तोंड काय मोठंसं! त्यानं लांबूनच नजरेनं माप घेतलं, आधी मांजरपाटाचं कच्चं शिवलं, मग मऊ चामड्याच्या पट्ट्या आणि बाकाच्या बैठकीला लावतात ती जाळी लावून पक्कं केलं. आत उकडलेली कलेजी चोपडली आणि मुसकं जमिनीवर ठेवून आपल्या कामाला लागला.

सोमवारी रात्री मुकादमानं ते लांबून हुंगलं. मंगळवारी जीभ लांबवून कलेजी पळवली आणि वर असं बघितलं, की हे काम मला मान्य नाही.

"नाही तर नाही," सोफेवाला म्हणाला. "तुला पसंत पडलेलं काम मी तरी अजून बघितलेलं नाही."

बुधवारी सकाळी नाक पूर्ण आत गेलं. सोफेवाल्याचे डोळे भरून आले, पण त्यानं ते दाखवलं नाही. कुणाला दाखवणार, हा भाग वेगळा.

त्याच दिवशी गोळ्या देऊन बघितल्या. तासाभरात मुकादमाचे पाय वाकडेतिकडे पडू लागले, पापण्या जड झाल्या. पण तो आडवा होईना. सोफेवाल्यानं स्टूल सरकवून गोधडी पसरली होती, तिच्यावर तो गेलाच नाही. झोकांड्या खात खिडकीपर्यंत गेला, हिरव्या खुर्चीवर नाक ठेवलं, काढलं, परत आला. पुन्हा गेला. घशातून बारीक आवाज काढत होता. सोफेवाल्याला वाटलं, रविवारी हे असंच झालं तर शेवटच्या घटकेलाही हा जागा शोधतच जाईल.

शेवटी मुकादम कोपऱ्यात सरकवलेल्या स्टुलाशी गेला, दोन पाय वर टाकले, स्टुलाच्या बैठकीवर हनुवटी टेकली आणि उभ्या उभ्या डोळे मिटले.

सोफेवाला बघत राहिला. स्टुलात काय आहे एवढं? मग त्यानं कपाळावर हात मारला.

कामाची त्याची एक रीत होती. उतरवलेला माल तो कधी टाकायचा नाही. जुनं कापड नव्या कापडाचं माप म्हणून खिळ्याला लटकायचं, आणि जुना कापूस, काथ्या गोणीत जायचा, कुठंतरी भर घालायला कामी यायचा. बायकोची खुर्ची उचकटली त्याच आठवड्यात स्टूल टोचतं म्हणून त्यानं हाताला आला तो कापूस स्टुलात भरला होता. गोणीत सगळ्यात वर तोच होता. गिऱ्हाइकाचा माल असता तर चिठ्ठी लावली असती. घरचा होता, म्हणून विसरला.

आठ महिने तो तिच्याच बैठकीवर बसून शिवत होता. आणि कुत्रं तिच्याशेजारी पडून होतं.

तो जमिनीवर बसला. मुकादम दहा हातांवर उभ्यानं झोपला होता. "मला सांगायचं तरी," सोफेवाला म्हणाला. मग मनगटावरच्या चार दातांच्या खुणांकडे त्याचं लक्ष गेलं. "सांगितलंस म्हणा."

शनिवारी लेक आली, तेव्हा बाप चिमट्यानं पितळी खिळे उपटत होता.

"बाबा, अहो काय करताय? एवढं सुंदर काम!"

"गिऱ्हाइकानं परत केलंय."

"कोणत्या गिऱ्हाइकानं?"

त्यानं हनुवटीनंच मशीनखाली पडलेल्या मुकादमाकडे खूण केली. मुकादमानं लेकीकडे बघून दात दाखवले, पण पाहुणीचं स्वागत म्हणून तेवढंच, उठला नाही. बापानं सगळं सांगितलं. मग लेकीनं भिंतीच्या खिळ्यावरून जुनं तपकिरी कापड काढलं. हाताच्या जागी झिजलेलं, एका कोपऱ्यात चहाचा डाग.

"हा डाग माझा," ती म्हणाली. "दहावीच्या निकालाच्या दिवशी. आई ओरडली होती."

"धुवू नको ते."

"वेडी आहे का मी? तुम्हीच काय ते नवं करत बसता."

स्टुलाचा कापूस परत खुर्चीत गेला. सोफेवाल्यानं तो पिंजला नाही, सारखाही केला नाही. खळगा होता तिथं खळगा ठेवला. आपल्या हातानं मुद्दाम वाईट काम करणं त्याला जड गेलं, पण दोघांनी मिळून जुनं कापड जुन्याच भोकांतून शिवलं. मग त्यानं खुर्ची उलटी केली आणि चारी पायांचे स्क्रू काढले, म्हणजे दुखऱ्या पायाला उडी मारावी लागणार नाही. खुर्ची जमिनीवर बसली, तशी लेक म्हणाली, "आता आईसारखीच बुटकी दिसतेय," आणि दोघं हसली.

शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी गोळ्या कलेजीतून गेल्या. खुर्ची खिडकीजवळ होती. मुकादम झोकांड्या खात आला, नाक ठेवलं, आणि तसाच थांबला. नाक कापडावरून हळूहळू चहाच्या डागापर्यंत गेलं, परत मध्ये आलं. मग तो आत चढला, तीनदा गोल फिरला आणि खळग्यात बसला. त्याच्या मापाचाच होता खळगा.

डॉक्टरीणबाईंनी घंटी वाजवली नाही. साध्या कपड्यांत मागच्या दारानं आल्या, चपला बाहेर काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या. मुकादमाचे कान उठले. घशात गुरगुर सुरू झाली.

सोफेवाल्यानं मुसकं पुढं धरलं. त्यानं ते धरून ठेवायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं. मुकादमानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि नाक आत घातलं. कलेजी चाटल्याचा आवाज येऊ लागला. सोफेवाल्यानं मानेमागचा बंद लावला. तो पहिल्या झटक्यात लागला.

"बोलत राहा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

त्यानं लेकीकडे बघितलं. लेक उठली, मशीनशी गेली आणि मशीनवर कापड झाकलं.

"चला मुकादम," सोफेवाला म्हणाला. "सुट्टी झाली."

मुकादमानं मोठा उसासा सोडला. डॉक्टरीणबाई बसल्या बसल्याच मागून सरकत आल्या. मागच्या मांडीत सुई गेली तेव्हा त्याची कातडी नुसती थरथरली, माशी बसल्यासारखी. तो चाटत राहिला. चाटणं मंद झालं, मग थांबलं.

"आता मुसकं काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाढ झोपलाय. शेवटचं इंजेक्शन द्यायच्या आधी हात फिरवा."

सोफेवाल्यानं बंद सोडला. त्यानं मुकादमाच्या कपाळावर हात ठेवला, कानामागं नेला, मानेवर नेला. केस त्याला वाटले होते त्याहून मऊ होते. नऊ वर्षांत हे काम बायकोचंच होतं, त्यानं कधी मागून घेतलं नव्हतं. तो हात फिरवत राहिला. डॉक्टरीणबाईंनी आपलं काम केलं, छातीला नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. तेव्हाही त्याचा हात फिरतच होता.

दुपारी डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या गाडीवाल्यानं मुकादमाला गोधडीत गुंडाळून नेलं. जाताना डॉक्टरीणबाई ते मुसकं हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. "काका, असं आणखी एक शिवून द्याल? दवाखान्यात एक आहे, आम्हा सगळ्यांना फाडून खातो."

"घेऊन या त्याला," सोफेवाला म्हणाला. "बघितल्याशिवाय माप कसं घेऊ?"

त्या गेल्यावर लेकीनं चहा केला. दोघं जमिनीवरच बसली, मध्ये ती बुटकी खुर्ची. खळग्यात थोडे केस पडले होते.

"पाय परत लावायचे ना बाबा हिला?"

"लावू," तो म्हणाला. "आत्ताच लावू. उद्यावर नको टाकायला."

त्यानं स्क्रू शोधले. केस मात्र कुणी झटकले नाहीत.