भाताचं आळं

"चिन्नोर तांदूळ आहे जी, घरच्या धानाच्या बांधीतला. पाणी जपून घालजा, लवकर गिच्च होते. अन् वाढताना भाताले आळं करजा. वरण बाहेर वाहिलं का दुर्गेश जेवत नाई, लहानपणापासून."

प्रेमिलाबाईने तांदळाची पिशवी आश्रमाच्या स्वयंपाकघरात ठेवली आणि पदराने घाम पुसला. स्वयंपाक सांभाळणारे सेवकराम पिशवीकडे नुसते बघत राहिले.

नवेगाव बांधच्या तलावाकाठी, सागाच्या झाडांआड हा आश्रम होता. तिचा एकुलता एक दुर्गेश इथेच राहून वेदान्त शिकत होता. सडक अर्जुनीजवळच्या तिच्या गावात कुणाचा पोरगा पोलिसात लागला, कुणाचा वनखात्यात; हिचा आपला शिकतोच आहे. "कोर्स सरल्यावर नोकरी कोणती लागते, बाई?" असं जो तो विचारायचा. शेवटी वैतागून ती सांगायला लागली, "महाराजाची!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची.

परवा दुर्गेशचा फोन आला होता. "माय, माझं शिकणं झालं. तू ये. आपल्या बांधीतला तांदूळ आण." पुढचं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. प्रेमिलाबाईने मात्र पुढचं सगळं स्वतःच जुळवून टाकलं. घर सारवलं आणि नणंदेला मुलगी बघायलाही सांगितलं.

"बाई," सेवकराम खाली बघत म्हणाले, "हा तांदूळ जेवणाचा नाई. दुर्गेश आता संन्यास घेणार आहे. त्याच्या आधी माणसाले आपलं श्राद्ध आपल्याच हातानं करा लागते. पिंडासाठी आणाले सांगितला असन त्यानं."

"जित्या माणसाचं श्राद्ध?"

"हो जी."

ती तिथेच चुलीपाशी बसली. निरोप मिळताच दुर्गेश धावत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"फोनवर काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू आली नसती, माय."

"तुह्या बापाच्या माघारी मी कोनासाठी राबून राहिली रे?"

एवढे ग्रंथ शिकलेला पोरगा मान खाली घालून उभा राहिला.

स्वामीजींनी तिला ओसरीवर बसवून घेतलं. "माताजी, आईच्या होकाराशिवाय मी कुणाला दीक्षा देत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तो आजच तुमच्यासोबत घरी येईल."

'नाही' तिच्या ओठांवरच होतं. ती त्याला न्यायलाच तर आली होती. पण स्वामीजींसमोर फटकन कसं बोलायचं, म्हणून ती म्हणाली, "सांजेले सांगीन जी."

दुपारी पाठ सुरू झाला. खांबाआडून तिने पाहिलं. दुर्गेश नव्या विद्यार्थ्यांना शिकवत होता. पुढ्यात एक मडकं होतं. "हे फुटलं तर आतली पोकळी कुठं जाईल?" त्याने विचारलं. "बाहेर पळून जाईल जी," कुणीतरी म्हणालं आणि दुर्गेश खळखळून हसला.

नवरा टिकाराम हायवेवर ट्रकखाली गेला, तेव्हापासून हा पोरगा घरात भिंतीकडे तोंड करून बसायचा. ताट पुढे ठेवलं तरी वळायचा नाही. बापाबरोबरच त्याचं हसू गेलं, असं ती धरून चालली होती. ते इथे होतं. तिला फार बरं वाटलं, पण ते हसू तिच्या घरात, तिच्या हातचं खाऊन परत आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने स्वामीजींना हो म्हटलं. दुर्गेश पाया पडायला वाकला, तेव्हा तिने तोंड फिरवून घेतलं.

सकाळी ती स्वयंपाकघरात गेली आणि सेवकरामांच्या हातातून पातेलं काढून घेतलं. "सरका जी. माह्या लेकाच्या पिंडाचा भात दुसऱ्यानं कायले शिजवावा?"

भात मऊसूत झाला. सगळीकडे वास सुटला. तलावाकाठी दुर्गेशने त्या भाताचे पिंड वळले. आजोबाचा, बापाचा आणि मग स्वतःचा. नवऱ्याच्या पिंडापर्यंत ती टक लावून बघत होती. पुढचं तिला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंडण केलेला, भगव्या कपड्यांतला एक संन्यासी तिच्यासमोर आला. त्याचं नावही आता वेगळं होतं. संन्याशाला आईनेही नमस्कार करायचा असतो, असं तिला सांगितलं होतं. तिने केला. पहिली भिक्षाही आईनेच वाढायची होती. त्याने कटोरा पुढे धरला.

तिने भात वाढला. मग पळीच्या पाठीने मधोमध दाबून आळं केलं आणि त्यात हळूच वरण ओतलं. एक थेंबही बाहेर गेला नाही.

"आणखी देऊ का रे?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

तो कटोऱ्यातल्या भाताकडे बघत राहिला. संन्याशाने आणखी मागायचं नसतं. तो पुढे सरकला.

त्याच्या मागे एक म्हातारे साधू कटोरा घेऊन उभे होते. प्रेमिलाबाईने पदराने डोळे पुसले, त्यांना भात वाढला आणि त्यांच्याही भाताला आळं केलं.