चष्मेवाल्या राजामागचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा म्हणा, गणपतीमागचा म्हणा, मलाही नक्की सांगता येत नाही. सध्या न्यू जर्सीत पार्सिपनीला एका बेसमेंटमध्ये घडी होऊन पडलोय. माझं शिक्षण काही झालेलं नाही. शाळेत गेलो तो फक्त स्टेजवर टांगून घ्यायला. तेव्हा बोलण्यात इकडंतिकडं झालं तर हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा.

जन्मानं मी साधं जाड कापड. इकडं घर रंगवताना कार्पेट खराब होऊ नये म्हणून अंथरतात ना, तसलं. पण १९८५ साली मला प्रल्हादनं दुकानातून उचललं आणि माझं नशीबच फिरलं.

प्रल्हाद मिरजेचा. बाप नाटकांचे पडदे रंगवायचा, हाही तेच शिकला. बहिणीनं अमेरिकेत बोलावून घेतलं आणि गडी इथं गॅस स्टेशनवर, म्हणजे आपल्या पेट्रोल पंपावर, कामाला लागला. न्यू जर्सीत आपल्या हातानं गाडीत गॅस भरू देत नाहीत, कायदाच आहे. त्यामुळं गावातली यच्चयावत मराठी माणसं त्याच्याकडं यायची. काच दोन बोटं खाली करायची, "फिल इट अप" म्हणायची आणि समोर बघत बसायची.

तेव्हा मराठी मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर गुरुदत्त कर्णिक. मोठे सर्जन, मोठं घर, तीन गाड्यांचं गॅरेज. गणपतीच्या मागं चांगला पडदा हवा, असं त्यांच्या मनात आलं. प्रल्हादच्या बहिणीनं भावाचं नाव सुचवलं. कापड डॉक्टरांचं, रंग डॉक्टरांचे, गॅरेजही त्यांचंच. प्रल्हादनं दर रविवारी यायचं आणि रंगवायचं.

मधोमध सिंहासनावर गणपती, भोवती हात जोडलेले राजे आणि ऋषी, असा दरबार माझ्यावर उमटायला लागला. एक दिवस डॉक्टर हातात चहाचा मग घेऊन आले.

"प्रल्हाद, हा उजवीकडचा राजा कोण रे?"

"कुणी नाही, डॉक्टर. राजा आपला."

"मग मी चालेन की!"

प्रल्हादला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. पुढच्या रविवारी डॉक्टरांनी पासपोर्टचा फोटो आणून हातात ठेवला. "आणि चष्मा राहू दे बरं का. नाहीतर लोक ओळखणार कसे?"

झालं. माझ्या राजाला चष्मा लागला. हा दरबार कुठल्या काळातला, तेच मला कळेना. पण खरं सांगतो, माझ्यावरचा सगळ्यात जिवंत चेहरा तोच. दिवसभर ऑपरेशनं करून दमलेले डोळे प्रल्हादनं असे धरले होते की बघत राहावं. तो चेहरा चांगला झाला तो डॉक्टर चांगले म्हणून, की प्रल्हादचा हात चांगला म्हणून? मी अजून विचार करतोय.

शेवटी प्रल्हादनं बारीक ब्रश घेतला आणि माझ्या खालच्या कोपऱ्याशी बसला. खिशात बापाचं पत्र होतं. "पडदा झाला की फोटो पाठव. खाली नाव घाल. मला चाळीस वर्षांत कुणी घालू दिलं नाही. तू घाल."

डॉक्टर म्हणाले, "तिथं 'डॉ. व सौ. कर्णिक यांच्या सौजन्याने' येऊ दे. तुझं नाव नंतर बघू."

प्रल्हादनं तसं लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं. फोटो मात्र मिरजेला गेला नाही.

मंडळाचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये बसायचा. तिथल्या नियमाप्रमाणं माझ्यावर आग न लागण्याचं औषध फवारलं. पडद्याला नाक असतं तर आठ दिवस शिंकलो असतो.

गणपतीच्या दिवशी स्टेजपुढं भारतातून आलेल्या आज्यांची रांग लागली. पुढं होत्या सरलाआजी, मंडळातल्या श्रीरंग पाटकींच्या आई. त्यांनी मूर्तीला हळदीकुंकू वाहिलं, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. गणपतीशेजारी चष्मेवाले कुणी शांत उभे! आजींनी त्यांनाही कुंकू लावलं आणि पदर पसरून नमस्कार केला. मागच्या सगळ्या आज्यांनीही तेच केलं.

श्रीरंग धावत आले. "आई, अगं काय करतेस? ते डॉक्टर आहेत!"

"मग काय झालं? आधी डॉक्टर असतील, मग महाराज झाले असतील."

लोक हसले. श्रीरंग नाही हसले. पुढच्या वर्षी ते मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि अख्खी निवडणूक माझ्यावर झाली हो! श्रीरंगच्या बाजूचे म्हणायचे, "डॉक्टरांनी देवाच्या दरबारात जागा विकत घेतली." डॉक्टरांच्या बाजूचे म्हणायचे, "मग पडदा तुम्ही द्यायचा होता, यार!" मी बापडा कपाटात. माझं मत कुणी विचारलं नाही.

श्रीरंग निवडून आले. पहिलं काम, डॉक्टरांचा चेहरा पुसायचा.

"आणि तिथं कुणाचा काढू?" प्रल्हादनं विचारलं.

श्रीरंग घसा खाकरून म्हणाले, "तसं काही नाही. पण अध्यक्षाचा असला तर बरं दिसेल." आणि खिशातून फोटो काढला.

मला पसरायला एवढी मोठी जागा दुसऱ्या कुणाकडं नव्हती, म्हणून एवढं भांडण होऊनही मी पुन्हा डॉक्टरांच्याच गॅरेजात. डॉक्टर बाहेर आलेच नाहीत. प्रल्हाद पांढरा रंग घेऊन त्यांच्या चेहऱ्यापुढं तासभर बसून होता. ब्रश उचलायचा, खाली ठेवायचा.

तेवढ्यात डॉक्टरांची नीला आली. पंधरा वर्षांची पोर, काखेत लायब्ररीचं जाड पुस्तक. शाळेत रेनेसान्सवर रिपोर्ट लिहायचा होता.

"प्रल्हादकाका, लुक! हे फ्लॉरेन्स."

फ्लॉरेन्स म्हणजे मला वाटलं शेजारच्या कुणी बाई. तर ते शहर निघालं, इटलीतलं. पाचशे वर्षांपूर्वी तिथं मेडिची नावाचं घराणं होतं. बँकवाले. चित्रकारांना पोसायचे आणि सगळं शहरही चालवायचे. एका चित्रात बाळ येशूला बघायला राजे आलेत, आणि राजांचे चेहरे या घरातल्या माणसांचे.

"जस्ट लाइक डॅडी!"

"चष्मा आहे?" प्रल्हादनं विचारलं.

"नो चष्मा. मग लोकांनी त्या फॅमिलीला शहरातून हाकललं."

"आणि चित्र? पुसलं?"

"नाही ना! अजून आहे."

प्रल्हादनं पुस्तक जवळ ओढलं. "रंगवणाऱ्याचं नाव कुठं दिसत नाही खाली."

नीलानं गर्दीच्या कडेला बोट ठेवलं. "नाव नाही. पण हा बघ. सगळे तिकडे बघतायत, हा एकटाच आपल्याकडे बघतोय. दॅट्स द पेंटर."

प्रल्हाद बराच वेळ त्या माणसाकडं बघत राहिला. मग त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा बंद केला.

त्या गणपतीला मी उलगडलो, आणि सगळे माना वर करून बघायला लागले. चष्मेवाला राजा जागेवरच. श्रीरंगचा चेहरा चित्रात कुठंच नाही. राजाच्या मागं, दोन ऋषींच्या मधे, निळ्या शर्टातला, डोक्यावर कॅप घातलेला एक माणूस लोकांकडं सरळ बघत उभा.

"हा कोण? कुणाला विचारून काढला?" श्रीरंग ओरडले.

कुणाला ओळखता येईना. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दर आठवड्याला त्याच्याकडून गॅस भरून घेणारी दीडशे माणसं एकमेकांना विचारत होती, हा कोण? खरा प्रल्हाद माझी दोरी धरून बाजूला उभा होता.

सरलाआजी कुंकवाची कोयरी घेऊन पुढं आल्या. "अगं बाई, हा तर आपला गॅसवाला! श्रीरंग, तू पुढं बघत बसतोस, तेव्हा हा मला मागच्या काचेतून विचारतो, आजी, थंडी वाजते का?"

त्यांनी त्यालाही कुंकू लावलं. आईनं कुंकू लावलेला चेहरा श्रीरंग काय पुसणार? प्रल्हादनं त्यांचा फोटो परत दिला, तो घडी करून त्यांनी खिशात टाकला.

नीलानं माझा फोटो काढला. तो मिरजेला गेला. महिन्यानं उत्तर आलं. प्रल्हादनं ते माझ्यापुढं मोठ्यानं वाचलं. "नाव दिसलं नाही. चेहरा दिसला. डावा कान मोठा झालाय. बाकी पडदा तुझा आहे." वाचताना तो डावा कान चाचपत होता आणि डोळे पुसत होता.

तर मित्रांनो, मी कुणाचा? कापड डॉक्टरांचं, हात प्रल्हादचा, भांडण सगळ्यांचं, कुंकू आजींचं. मला तरी उलगडत नाही. तुम्ही शिकलेले, तुम्ही बघा. तोवर माझ्यासाठी एवढं करा. इथं ओल फार आहे, मला वरच्या फळीवर ठेवा. घडी घालू नका, गुंडाळा. घडी नेमकी प्रल्हादच्या नाकावरून जाते. आणि गाडीत पुढं बसा, नाहीतर सरलाआजींसारखं मागं बसा. गॅस भरायला गाडी थांबली की काच पूर्ण खाली करा.